ॲरेचा आकार आणि कंपायलरची मर्यादा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

संगणकशास्त्राचा इतिहास बहुधा यंत्रांच्या वाढत्या वेगाचा आणि क्षमतेचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणत्या वर्षी कोणते यंत्र आले, त्याची मेमरी किती होती, कोणती भाषा कोणी तयार केली, या नोंदी अभ्यासक्रमाच्या पुस्तकांतून नेहमी आढळतात. साधने कोठे आणि का अपयशी ठरली याचा इतिहास मात्र क्वचितच मांडला जातो. वास्तविक एखाद्या साधनाची घडण समजून घेण्यासाठी त्याचे अपयश हा यशाइतकाच, किंबहुना काही वेळा अधिक विश्वासार्ह पुरावा ठरतो.

प्रस्तुत निबंधात अशाच एका अपयशाचा विचार केला आहे. आज्ञावलीमध्ये अतिशय मोठ्या आकाराचा ॲरे घोषित केला असता ती यंत्रभाषेत रूपांतरित करणारा कंपायलर स्वतःच कोसळतो, असा अनुभव संगणकाच्या जवळजवळ प्रत्येक पिढीत आलेला आहे. वरवर पाहता ही किरकोळ तांत्रिक अडचण वाटते. तथापि तिच्या मुळाशी एक मूलभूत प्रश्न आहे. जे काम करणे शक्य नाही, त्याला नकार कसा द्यावा, हे साधनाला ठाऊक असते काय? फोर्ट्रानपासून आजच्या ६४ बिट संगणकापर्यंतच्या वाटचालीच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेणे हे या निबंधाचे उद्दिष्ट आहे.

ॲरे आणि कंपायलर : संकल्पना

एकाच प्रकारच्या अनेक मूल्यांना एकच नाव देऊन ती मेमरीत सलग ठेवण्याच्या रचनेस ॲरे असे म्हणतात. वर्गातील विद्यार्थ्यांचे गुण, एखाद्या प्रदेशातील पर्जन्यमान, गणितातील सारणी ही त्याची परिचित उदाहरणे होत. ॲरेतील कोणत्याही घटकाचे स्थान साध्या गुणाकाराने व बेरजेने काढता येते. घटकाचा क्रमांक आणि एका घटकाचा आकार यांचा गुणाकार करून तो प्रारंभस्थानात मिळविला की इच्छित स्थान मिळते. ॲरेचे सारे सामर्थ्य या सोपेपणात आहे आणि त्याची दुर्बलताही तेथेच आहे.

कंपायलर आज्ञावलीचे भाषांतर करतो तेव्हा त्याला ॲरेच्या आकाराची नोंद ठेवावी लागते. ही नोंद म्हणजे एक संख्या होय, आणि ती कंपायलरच्या स्वतःच्या एखाद्या चलात साठविली जाते. कंपायलर ही देखील एक आज्ञावलीच असल्यामुळे त्याच्या चलांनाही मर्यादा असतात. वाहनातील अंतरमापक ९९,९९९ नंतर पुन्हा ००,००० दाखवू लागतो, त्याप्रमाणे ठरावीक बिटांच्या चलात मावणारी सर्वांत मोठी संख्या ओलांडली गेली की उरते ती केवळ बाकी. या घटनेस ओव्हरफ्लो असे म्हणतात. अशा वेळी कंपायलरपुढे तीन शक्यता असतात. तो स्पष्ट संदेश देऊन भाषांतर नाकारू शकतो, भाषांतर करता करता कोसळू शकतो, किंवा चुकीच्या आकाराचा ॲरे मुकाट्याने स्वीकारू शकतो. पुढील विवेचनात या तीन शक्यतांचा वारंवार संदर्भ येईल.

फोर्ट्रान आणि अल्गोल : दोन भिन्न दृष्टी

जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली आयबीएम कंपनीने तयार केलेला फोर्ट्रान कंपायलर १९५७ मध्ये आयबीएम ७०४ या संगणकासाठी उपलब्ध झाला. या यंत्राची मेमरी जास्तीत जास्त ३२,७६८ शब्दांची होती व प्रत्येक शब्द ३६ बिटांचा होता. म्हणजे १८० ओळी आणि १८० स्तंभांची एकच सारणी, ज्यात ३२,४०० संख्या होतात, जवळजवळ सर्व मेमरी व्यापून टाकत असे. फोर्ट्रानमध्ये ॲरेचा आकार ‘डायमेन्शन’ या विधानाद्वारे आधीच सांगावा लागे आणि तो स्थिर संख्येतच द्यावा लागे. ॲरेला जास्तीत जास्त तीन मिती असू शकत. आयबीएम ७०४ मध्ये तीनच इंडेक्स रजिस्टर होते, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. यंत्राची घडण भाषेच्या नियमांत कशी उतरते याचे हे आरंभीचे उदाहरण म्हणता येईल.

याच काळात भारतातही अशा मर्यादांशी संशोधकांचा परिचय होत होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला टिफरॅक हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्याची मेमरी २,०४८ शब्दांची होती व प्रत्येक शब्द ४० बिटांचा होता. ४५ ओळी आणि ४५ स्तंभांच्या सारणीत २,०२५ संख्या असतात. तेवढ्यानेच ही मेमरी संपुष्टात येऊन आज्ञावलीसाठी जागा उरली नसती. १९६४ मध्ये याच संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला आणि देशातील अनेक संस्थांच्या संशोधकांना फोर्ट्रानमध्ये काम करण्याची संधी मिळाली. त्या पिढीतील संशोधकाला मेमरीचा हिशेब स्वतः मांडावा लागे. यंत्राची मर्यादा त्याच्या नजरेसमोर असे.

अल्गोल ६० या भाषेने वेगळी दृष्टी स्वीकारली. या भाषेत ॲरेच्या सीमा आज्ञावली चालू असताना ठरविता येत. त्यामुळे आकाराचा प्रश्न भाषांतराच्या वेळेवरून प्रत्यक्ष अंमलबजावणीच्या वेळेवर गेला. इंग्लंडमधील एलियट ब्रदर्स या कंपनीत टोनी होअर यांच्या गटाने अल्गोलचा जो कंपायलर तयार केला, त्यात ॲरेच्या प्रत्येक वापराच्या वेळी क्रमांक सीमेत आहे किंवा नाही याची तपासणी होत असे. १९८० च्या ट्युरिंग पुरस्कार व्याख्यानात होअर यांनी या संदर्भातील एक अनुभव नमूद केला आहे. वेग वाढावा म्हणून ही तपासणी बंद करण्याची सोय हवी आहे काय, असे ग्राहकांना विचारले असता त्यांनी एकमुखाने नकार दिला. चूक लपण्यापेक्षा काम मंदावलेले बरे, हे त्या ग्राहकांना अनुभवाने पटले होते.

सी भाषा आणि चौसष्ट किलोबाइटचे कुंपण

१९७० च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सी भाषा विकसित केली. पीडीपी-११ या १६ बिट संगणकावर ती वाढली. या यंत्रावर एका आज्ञावलीला एका वेळी ६५,५३६ बाइटपर्यंतच पत्ते देता येत. सी भाषेने ॲरेच्या सीमांची तपासणी करण्याची जबाबदारी आज्ञावली लिहिणाऱ्यावर सोपविली. वेग आणि आटोपशीरपणा यांसाठी दिलेली ही किंमत होती.

१९८९ मध्ये सी भाषेचे अमेरिकन प्रमाणक निश्चित झाले. त्यानुसार प्रत्येक कंपायलरने किमान ३२,७६७ बाइट आकाराची एक वस्तू स्वीकारणे आवश्यक ठरले. १९९९ च्या प्रमाणकात ही संख्या ६५,५३५ करण्यात आली. प्रमाणकाने किमान मर्यादा सांगितली, कमाल मर्यादा मात्र ज्या त्या कंपायलरवर सोपविली. मोठ्या ॲरेच्या बाबतीत कंपायलरांच्या वर्तनात आढळणारी विविधता समजून घेताना ही पार्श्वभूमी उपयुक्त ठरते.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांचा या विषयाशी सर्वाधिक संबंध आला तो टर्बो सी मुळे. इंटेल कंपनीच्या १९७८ च्या ८०८६ या प्रोसेसरमध्ये मेमरीचे पत्ते २० बिटांचे असले तरी एका वेळी ६४ किलोबाइटच्या विभागातच सहज वावरता येत असे. १९८७ मध्ये बोर्लंड कंपनीने बाजारात आणलेल्या टर्बो सी मध्ये या रचनेला अनुसरून टायनी, स्मॉल, मीडियम, कॉम्पॅक्ट, लार्ज आणि ह्यूज अशी सहा मेमरी मॉडेल होती. राज्यातील अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत एकविसाव्या शतकातही दीर्घकाळ याच कंपायलरवर प्रात्यक्षिके घेतली जात.

अशा प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने २०० ओळी आणि २०० स्तंभांची पूर्णांकांची सारणी घोषित केली, तर प्रत्येक पूर्णांकास दोन बाइट या हिशेबाने तिचा आकार ८०,००० बाइट होई. तो ६५,५३६ पेक्षा अधिक असल्याने कंपायलर ‘ॲरे साइज टू लार्ज’ असा संदेश देऊन भाषांतर थांबवीत असे. हा नकार योग्यच होता. कंपायलरने हीच संख्या १६ बिटांच्या चलात मुकाट्याने ठेवली असती, तर बाकी उरली असती १४,४६४. आज्ञावली यशस्वीपणे भाषांतरित झाली असती आणि ८०,००० बाइटची माहिती १४,४६४ बाइटच्या जागेत कोंबली गेली असती. डॉस प्रणालीत मेमरीला संरक्षण नसल्यामुळे इतर माहितीवर अतिक्रमण होऊन संपूर्ण यंत्र बंद पडण्याचा संभव होता.

येथे अध्यापनाच्या दृष्टीने एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. संदेश आल्यावर विद्यार्थ्याला बहुधा ‘आकार कमी कर’ एवढेच सांगितले जाई. ही मर्यादा सी भाषेची नसून विशिष्ट यंत्राची आणि विशिष्ट कंपायलरची आहे, हे स्पष्टीकरण अनेकदा राहून जाई. परिणामी यंत्राचा एक तात्पुरता गुणधर्म भाषेचा शाश्वत नियम म्हणून शिकला गेला. फोर्ट्रानच्या पिढीला जी मर्यादा डोळ्यांसमोर दिसत होती, ती या पिढीपासून कंपायलरच्या पडद्यामागे झाकली गेली.

१,०७,३७,४१,८२४ : एका संख्येचा इतिहास

३२ बिट संगणकांच्या प्रसारानंतर ६४ किलोबाइटचे कुंपण मोडले आणि मर्यादेचा प्रश्न सुटल्यासारखे वाटले. प्रत्यक्षात कुंपण फक्त दूर सरकले होते. २ चा ३०वा घात, म्हणजे १,०७,३७,४१,८२४, या संख्येच्या आधारे हे दाखविता येते. प्रत्येकी चार बाइटचे इतके घटक असलेला ॲरे घेतल्यास त्याचा आकार ४,२९,४९,६७,२९६ बाइट होतो. ही संख्या म्हणजे बरोबर २ चा ३२वा घात असल्याने ३२ बिटांच्या चलात तिची बाकी शून्य उरते. एक अब्जाहून अधिक घटकांचा ॲरे हिशेबात शून्य आकाराचा ठरतो.

ही केवळ तात्त्विक शक्यता नव्हती. २००२ मध्ये ओपनएसएसएच या सुरक्षित संपर्काच्या सॉफ्टवेअरमध्ये एक गंभीर त्रुटी आढळली. बाहेरून आलेल्या संख्येला चारने गुणून तेवढी मेमरी मागितली जात होती. ती संख्या १,०७,३७,४१,८२४ असल्यास गुणाकार शून्य होऊन अत्यल्प मेमरी मिळे आणि पुढील माहिती त्या जागेबाहेर लिहिली जाई. संगणकात अनधिकृत प्रवेश मिळविण्यासाठी या त्रुटीचा उपयोग करता येण्यासारखा होता. त्याच वर्षी सी भाषेच्या प्रमाणित ग्रंथालयातील मेमरी वाटप करणाऱ्या ‘कॅलॉक’ या फलनाच्या अनेक आवृत्त्यांतही गुणाकाराची तपासणी होत नसल्याचे निदर्शनास आले.

२००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी जावाच्या ग्रंथालयातील द्विभाजन शोधपद्धतीमधील दोष प्रसिद्ध केला. दोन सीमांची बेरीज करून तिला दोनने भागताना बेरीजच ३२ बिट चलाबाहेर जात होती. हा दोष प्रकट होण्यासाठी ॲरेमध्ये किमान १,०७,३७,४१,८२४ घटक असावे लागत. जॉन बेंटली यांच्या १९८६ च्या ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ या पुस्तकात शुद्धतेची चर्चा करून दिलेल्या पद्धतीतही हाच दोष होता. इतके मोठे ॲरे त्या काळी कोणी वापरत नसल्यामुळे तो वीस वर्षे निद्रिस्त राहिला.

वरील उदाहरणे कंपायलरची नसून आज्ञावलींची आहेत. परंतु कंपायलर ही देखील आज्ञावलीच असल्याने हेच अंकगणित त्यालाही लागू पडते.

कंपायलर का कोसळतो?

मोठ्या ॲरेमुळे उद्भवणारी सर्व अपयशे एकाच प्रकारची नसतात. फलनाच्या आत घोषित केलेला ॲरे स्टॅकवर ठेवला जातो. लिनक्सवर स्टॅकची प्रचलित मर्यादा साधारणतः ८ मेगाबाइट, तर विंडोजवर १ मेगाबाइट असते. ती ओलांडल्यास भाषांतर सुरळीत होते आणि आज्ञावली चालू असताना कोसळते. हा कंपायलरचा दोष नव्हे. कंपायलर स्वतः कोसळण्याची कारणे प्रामुख्याने तीन आहेत.

पहिले कारण कंपायलरच्या अंतर्गत अंकगणितात आहे. जो कंपायलर ॲरेचा आकार बाइटबरोबरच बिटमध्येही मोजतो, त्याच्या हिशेबात संख्या आठपट होते. २ चा ६१वा घात एवढे बाइट म्हणजे २ चा ६४वा घात एवढे बिट. ६४ बिटांच्या चलात ही संख्या मावत नाही. गुणाकारापूर्वी तपासणी नसेल, तर पुढील टप्प्यांना शून्य किंवा ऋण आकार मिळतो. असा आकार येणारच नाही असे गृहीत धरून लिहिलेला भाग मग कोसळतो.

दुसरे कारण प्रारंभिक मूल्यांशी निगडित आहे. मूल्य न दिलेल्या वैश्विक ॲरेसाठी निर्मित फाइलमध्ये केवळ आकाराची नोंद होते. या विभागास ‘बीएसएस’ म्हणतात व हे नाव आयबीएम ७०४ च्या असेंब्लरपासून चालत आलेले आहे. परंतु ॲरेतील एका जरी घटकाला शून्याखेरीज मूल्य दिले, तर सामान्यतः संपूर्ण ॲरे फाइलमध्ये प्रत्यक्ष लिहावा लागतो. २०१६ मध्ये अवघ्या १४ अक्षरांची सी भाषेतील एक आज्ञावली चर्चेत आली. तीत ४,२९,४९,६७,२९५ घटकांचा ॲरे घोषित करून पहिल्या घटकास १ हे मूल्य दिले होते. तिच्यापासून सुमारे १६ गिगाबाइटची फाइल तयार होत असे. अशा भाषांतरात कंपायलर, असेंब्लर किंवा लिंकर यांपैकी कोणाचीही मेमरी अपुरी पडू शकते. लक्षावधी घटकांची मूल्ये स्वतंत्रपणे दिलेली असल्यास कंपायलरला प्रत्येक मूल्याची अंतर्गत नोंद ठेवावी लागते आणि हा भार आणखी वाढतो. २०२४ मध्ये प्रकाशित झालेल्या सी भाषेच्या प्रमाणकात बाह्य फाइलमधील माहिती थेट अंतर्भूत करण्यासाठी ‘एम्बेड’ ही सूचना समाविष्ट झाली, ती याच अडचणीवरील उपाय म्हणून.

तिसरे कारण आज्ञावली वेगवान करण्यासाठी होणाऱ्या सुधारणांच्या टप्प्यात सापडते. लहान ॲरेचे घटक सुटे करून हाताळणे फायद्याचे असते. परंतु हीच पद्धत कोणतीही मर्यादा न घालता मोठ्या ॲरेवर वापरली, तर कंपायलरचा वेळ आणि मेमरी दोन्ही संपतात.

नकाराची जबाबदारी

१९८७ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी हा कंपायलर प्रसिद्ध केला. आदान कोणतेही असो, कंपायलर कोसळल्यास तो कंपायलरचाच दोष मानावा, अशी भूमिका त्याच्या माहितीपुस्तिकेत घेतलेली आहे. या भूमिकेचे महत्त्व मोठे आहे. विद्यार्थ्याने निरर्थक आकार लिहिला ही त्याची चूक असू शकते. परंतु त्या चुकीपुढे कोसळणे ही साधनाची चूक आहे. या दोहोंमध्ये भेद करणे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.

पुढील काळात ही जबाबदारी अधिक पद्धतशीरपणे स्वीकारली गेली. दोन पत्त्यांमधील अंतर चिन्हयुक्त संख्येत मोजले जाते. त्यामुळे उपलब्ध पत्त्यांच्या निम्म्याहून मोठा ॲरे सुरक्षितपणे हाताळता येत नाही. हे ओळखून जीसीसीने अशा ॲरेला नकार देणारा स्पष्ट संदेश स्वीकारला. ६४ बिट यंत्रावर ही मर्यादा २ चा ६३वा घात वजा १ इतकी आहे. जावाने ॲरेची लांबी ३२ बिट पूर्णांकात बसवून २,१४,७४,८३,६४७ ही कमाल मर्यादा भाषेतच निश्चित केली. सांख्यिकी विश्लेषणाच्या आर या भाषेत २०१३ पासून याहून लांब सदिशांची सोय झाली.

६४ बिट संगणकांनीही जुनी गृहीतके पूर्णपणे पुसली नाहीत. एक्स८६-६४ यंत्रावरील प्रचलित ‘स्मॉल’ कोड मॉडेलमध्ये आज्ञा आणि स्थिर माहिती २ गिगाबाइटच्या आत असल्याचे गृहीत धरले जाते. फोर्ट्रानमध्ये त्याहून मोठे स्थिर ॲरे घोषित केल्यास लिंकर त्रुटीचा संदेश देतो. वेगळे मॉडेल निवडल्यास ही अडचण दूर होते. टर्बो सी च्या मेमरी मॉडेलची आठवण यावी असाच हा प्रकार आहे.

कंपायलरच्या विश्वासार्हतेचा पद्धतशीर शोधही घेण्यात आला. अमेरिकेतील यूटा विद्यापीठात सीस्मिथ हे साधन तयार झाले. यादृच्छिक आज्ञावली निर्माण करून या साधनाने कंपायलरांची परीक्षा घेतली आणि २०११ मध्ये पूर्वी अज्ञात असलेले ३२५ हून अधिक दोष नोंदविले गेले. या अभ्यासात कोसळण्याचे दोष आणि चुकीचे भाषांतर करण्याचे दोष असे वर्गीकरण होते. दुसरा वर्ग अधिक घातक आहे, कारण कोसळलेला कंपायलर निदान लक्ष वेधून घेतो. चुकीचे भाषांतर मात्र अचूक असल्याचा आभास निर्माण करते. भारतात आय.आय.टी. मुंबई येथील जीसीसी रिसोर्स सेंटरने कंपायलरच्या अंतर्गत रचनेच्या अध्यापनास चालना दिली. कंपायलर ही केवळ वापरण्याची नव्हे, तर उघडून अभ्यासण्याची वस्तू आहे, ही दृष्टी त्यातून रुजण्यास मदत झाली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला असा की, मोठ्या ॲरेमुळे कंपायलर कोसळणे हा अपघात नसून ‘याहून मोठा आकार कोणाला लागणार नाही’ या त्या त्या काळाच्या गृहीतकाचा परिणाम आहे. ३२,७६८ शब्द, ६४ किलोबाइट, २ गिगाबाइट ही त्याच गृहीतकाची बदलती रूपे होत. यंत्राची क्षमता वाढली की मर्यादा नाहीशी होत नाही, ती केवळ दृष्टीआड जाते.

दुसरा निष्कर्ष असा की, साधनाच्या वर्तनाची प्रतवारी करावयाची झाल्यास स्पष्ट नकार सर्वांत श्रेष्ठ, कोसळणे त्याखालोखाल आणि मुकाट्याने केलेला चुकीचा स्वीकार सर्वांत घातक मानावा लागेल. १६ बिटांच्या हिशेबात ८०,००० चे १४,४६४ होणे आणि ३२ बिटांच्या हिशेबात चार अब्जांचे शून्य होणे, यांत कोणताही आवाज होत नाही. पर्जन्यमानाचे अंदाज, पुलांच्या बांधणीची गणिते आणि शास्त्रीय संशोधनाचे निष्कर्ष आता अशाच साधनांवर अवलंबून असल्याने हा प्रश्न केवळ संगणक विभागापुरता उरलेला नाही.

तिसरा निष्कर्ष अध्यापनाशी संबंधित आहे. प्रात्यक्षिकाच्या वेळी कंपायलरने दिलेला नकार किंवा त्याचे कोसळणे हा वेळेचा अपव्यय नसून अभ्यासाची संधी आहे. आकार कमी करण्याची सूचना देण्यापूर्वी विद्यार्थ्याकडून त्या ॲरेचा बाइटमधील हिशेब कागदावर मांडून घेतला आणि ही मर्यादा भाषेची, कंपायलरची, लिंकरची की यंत्राची आहे हे ओळखावयास लावले, तर भाषा आणि यंत्र यांतील भेद त्याला कायमचा समजेल. टिफरॅकवर काम करणाऱ्या पिढीला हा हिशेब नाइलाजाने मांडावा लागत होता. आजच्या विद्यार्थ्याने तो समजून उमजून मांडावा, अशी योजना अध्यापकांनी करणे गरजेचे आहे.